तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचं चित्र गॅलरीत कसं जातं?

“रस्त्यावर स्प्रे मारणारा माणूस गॅलरीत पोचतो कसा? ओळख लागते की नशीब?” हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. २०१७ साली न्यूयॉर्कचा चित्रकार जाँ-मिशेल बास्किया याचं १९८२ मधलं कवटीचं चित्र सदबीज या लिलावगृहात ११ कोटी ५ लाख डॉलरला गेलं, आणि तेव्हापासून बहुतेकांच्या मनात तोच आकडा असतो. मला त्याआधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. वाट तेव्हा पडली, आणि तिच्या पायऱ्या आजही मोजता येतात.

वाट न्यूयॉर्कची. ली क्विन्योनेस आणि त्याच्या ‘फॅब्युलस फाइव्ह’ टोळीने १९७६ मध्ये भुयारी रेल्वेची दहा डब्यांची सबंध गाडी रंगवली. १९७९ मध्ये ली आणि त्याच टोळीतला फॅब फाइव्ह फ्रेडी यांचे कॅनव्हास रोमच्या ला मेडुसा गॅलरीत लागले. न्यूयॉर्कमध्ये पहिली दारं उघडली ती लहान जागांनी. साउथ ब्राँक्समधल्या ‘फॅशन मोडा’त १९८० साली क्रॅश या ग्राफिटीवाल्यानेच (ग्राफिटी म्हणजे भिंतींवर, गाड्यांवर स्प्रेने काढलेली अक्षरं-चित्रं) आपल्या बरोबरीच्यांचं प्रदर्शन मांडलं. त्याच वर्षी जूनमध्ये ‘टाइम्स स्क्वेअर शो’ हे प्रदर्शन, पुढच्या फेब्रुवारीत पी. एस. वन या कलाकेंद्रात ‘न्यूयॉर्क/न्यू वेव्ह’, मग ईस्ट व्हिलेजमध्ये पॅटी ॲस्टरची ‘फन गॅलरी’. सिडनी जॅनिससारख्या वजनदार गॅलरीने ‘पोस्ट-ग्राफिटी’ हे प्रदर्शन भरवलं ते डिसेंबर १९८३ मध्ये. म्हणजे ओळख लागते, पण आधी बरोबरीने रंगवणाऱ्यांची. वरच्या गॅलऱ्या मागाहून आल्या.

१९८५ मध्ये फन गॅलरी बंद झाली, बाजाराचा उत्साह ओसरला, आणि बरेच जण मागे पडले. याचं मुख्य कारण मला कॅनव्हासवरच दिसतं. पन्नास-साठ फुटी डब्यासाठी, धावत्या गाडीवर क्षणभर दिसावं म्हणून बांधलेलं अक्षर चार फुटी कॅनव्हासवर आक्रसून काढलं की त्यातला वेग जातो. बोटभर जाडीची रेघ डब्यावर नाजूक दिसते, कॅनव्हासवर तीच ढोबळ होते. जे टिकले त्यांनी रस्त्यावरचं चित्र आत नेलं नाही, तिथे कमावलेली सवय नेली. चित्रकार कीथ हेरिंग भुयारी स्थानकांत रिकाम्या जाहिरात-फलकांवरच्या काळ्या कागदावर खडूने काढायचा. पोलीस येण्याआधी संपवायचं, म्हणून न थांबणारी, न खोडता येणारी रेघ. तीच रेघ त्याने शाईने व्हिनाइलच्या ताडपत्रीवर ओढली आणि १९८२ मध्ये टोनी शफ्राझीच्या गॅलरीत मांडली. बास्कियाने तर गाड्या रंगवून नाव केलंच नव्हतं. अल डियाझबरोबर ‘सॅमो’ या नावाने तो भिंतींवर वाक्यं लिहायचा, आणि पुढे शब्दच त्याच्या चित्रांत शिरले.

आता हाताचं काम. स्प्रेचा रंग पत्र्यावर वर बसतो, कोऱ्या कॅनव्हासमध्ये मुरतो. त्यामुळे जेसोचे (कॅनव्हासवर आधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) निदान तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या काचकागदाने घासा. ताणलेला कॅनव्हास बोटाखाली दबतो आणि मार्करची रेघ थरथरते. बारीक काम करायचं तर १२ मिलिमीटरचा प्लायवूड बरा. चारशे मिलिलिटरचा कॅन दोन मिनिटं हलवायचा. बारीक रेघेसाठी स्किनी कॅप (कॅनवरचं बारीक तोंडाचं बटण) आणि दोन-तीन सेंटिमीटर अंतर, धूसर छटेसाठी वीस-तीस. हात आधी चालू करा आणि मग कॅप दाबा, नाहीतर सुरुवातीलाच ओघळ येतो.

सर्वांत जास्त बिघडतं ते घाईमुळे. अर्धवट वाळलेल्या थरावर दुसरा जाड थर मारला की वरचा सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) खालच्या रंगात शिरतो, तो रंग फुगतो आणि सुरकुत्या पडतात. एक तर लगेच, ओलं असतानाच पातळ हात मारा, नाहीतर पूर्ण दिवस थांबा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आणखी एक त्रास असतो: सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग पांढुरका होतो. फ्लुरोसंट रंग उन्हात झपाट्याने उडतात; विकायच्या चित्रात ते वापरूच नयेत असं माझं ठाम मत आहे. वार्निश पातळ थरांत द्या, आधी तुकड्यावर तपासून, कारण मार्करची शाई त्यात पसरते. चित्र गुंडाळायचंच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा, नाहीतर रंगाला तडे जातात. आणि कापडी मास्कने वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफ गाळणारं काडतूस असलेला रेस्पिरेटर (तोंडावर घट्ट बसणारा मुखवटा) घ्या, खिडक्या उघड्या ठेवा. इथे काटकसर करू नका.

भिंत राहत नाही, म्हणून काम संपलं त्याच दिवशी, ऊन भिंतीवर येण्याआधी, अगदी समोरून फोटो काढा. स्केचबुक फेकू नका. चित्रकार मार्टिन वाँगने जमवलेला ग्राफिटीचा संग्रह १९९४ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या संग्रहालयाला दिला, त्यात कॅनव्हासबरोबर ग्राफिटीवाल्यांची स्केचबुकं, म्हणजे ‘ब्लॅक बुक्स’ही होती.

परवानगी लेखीच घ्या. महाराष्ट्रात विनापरवाना रंगवण्याला १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा लागू शकतो. परवानगीमुळे उलटं संरक्षणही मिळू शकतं: न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ इमारतीवरची, मालकाच्या संमतीने काढलेली चित्रं त्यानेच २०१३ मध्ये रातोरात पांढरी केली, तेव्हा २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलाकारांना साडेसदुसष्ट लाख डॉलर देवविले. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे, आपल्या कामाची मोडतोड झाली तर कलाकाराला दाद मागू देणारं. त्याच्याच आधारे शिल्पकार अमरनाथ सेहगल यांना २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या भित्तिशिल्पाचे अवशेष परत मिळवून दिले, वर पाच लाखांची भरपाईही.

गॅलरीकडे जाताना एकाच मालिकेतली आठ-दहा चित्रं न्या; भिंतींचे फोटो वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. चित्रामागे नाव, वर्ष, माप, माध्यम लिहा. गॅलरीचा वाटा अनेकदा निम्म्यापर्यंत जातो, तो देण्यात गैर काही नाही. पण फ्रेमचा आणि वाहतुकीचा खर्च कुणाचा, आणि न विकलेलं चित्र किती दिवसांत परत मिळणार, हे चित्र हातातून सोडण्याआधी कागदावर घ्या.