कॉम्प्रेसरच्या गळतीवर उभं केलेलं सल्लागाराचं काम: बडोद्यातला माझा अनुभव

नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात मी युटिलिटी विभाग सांभाळत होतो: बॉयलर, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर. ते युनिट बंद झाल्यावर ‘युटिलिटी कन्सल्टंट’ अशी कार्डं छापून मकरपुरा आणि मांजुसर जीआयडीसीत, म्हणजे गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतींत, वाटली. काम आलं नाही. अनुभवाची वर्षं सांगून कारखानदाराला काही कळत नाही; वीजबिलातले किती रुपये वाचतील ते सांगितलं, तर तो बसायला खुर्ची देतो. म्हणून माझ्या कामांतलं एकच निवडलं: कॉम्प्रेसरने दाबून पाइपांतून यंत्रांना दिलेल्या हवेची गळती शोधणं. मोजमाप एका दिवसात होतं, महागडं उपकरण लागत नाही आणि निकाल मालकाच्या डोळ्यांदेखत दिसतो.

सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद ठेवायची, त्यांच्या लाइनचे व्हॉल्व्ह मात्र उघडेच हवेत. व्हॉल्व्ह बंद केले की पुढची गळती मोजमापातून सुटते, आणि बहुतेक गळती तिथेच असते: क्विक कपलिंग, पीयू ट्यूबच्या पुश फिटिंग, एफआरएलचे (हवा गाळून तिचा दाब नेमणाऱ्या जोडणीचे) बाउल, पाणी आपोआप सोडणारा पण अडकलेला ऑटो ड्रेन. मग एकच कॉम्प्रेसर नेहमीच्या दाबावर चालवून तो किती वेळ लोडवर (हवा दाबत) आणि किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत) राहतो, ते किमान १० फेऱ्या स्टॉपवॉचने टिपायचं. सरासरी ३ मिनिटं लोड आणि ७ मिनिटं अनलोड आली, तर गळती कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या, कॉम्प्रेसरवर ही पद्धत चालत नाही, कारण तो भार वेग बदलून सांभाळतो. तिथे कॉम्प्रेसर बंद करून रिसीव्हरचा (हवेच्या टाकीचा) दाब किती वेळात उतरतो ते मोजतो. त्यावरून गळती काढताना टाकीच्या आकारमानात मुख्य पाइपलाइनही धरावी लागते.

खरी परीक्षा पुढच्या हिशेबात असते. समजा लोडवर ९० किलोवॅट घेणारा स्क्रू कॉम्प्रेसर आहे आणि गळती ३० वरून १० टक्क्यांवर आणायची आहे. घाईत ९० चे २० टक्के, म्हणजे १८ किलोवॅट बचत लिहिली जाते. वर्षाचे ७,२०० तास आणि विजेच्या युनिटला ८ रुपये धरले, तर १० लाखांवर रुपये होतात. पण अनलोडवरही हा कॉम्प्रेसर २७ किलोवॅटच्या आसपास खातो. बचत दोन्हींतल्या फरकावरच होते: ६३ चे २० टक्के, १२.६ किलोवॅट, वर्षाला सुमारे सव्वासात लाख. मी हाच लहान आकडा देतो. मोठा आकडा दिला की तीन महिन्यांनी मीटर खोटं पाडतं, आणि जीआयडीसीत अशी बातमी शेजारच्या गेटवर लगेच पोचते.

फी ठरवताना जुना पगार कामाच्या २५० दिवसांनी भागू नका. १२ लाखांच्या पगाराचे असे दिवसाला ४,८०० होतात, पण सल्लागाराचे वर्षातले साधारण १२० दिवसच विकले जातात. बाकीचे भेटीगाठी, अहवाल आणि प्रवासात जातात. विमा, पेट्रोल, उपकरणं यांचे २ लाख ४० हजार मिळवले, तर दर दिवसाला १२,००० निघतो. बचतीत टक्केवारी घेऊ नये. उत्पादन वाढलं की वीजही वाढते आणि बचत कुठे आहे यावर वाद सुरू होतो. ठरावीक फी, निम्मी आगाऊ.

कागदपत्रं थोडी आहेत. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर, ऑनलाइन आणि मोफत होते. एजंटला पैसे देऊ नका. सेवांसाठी जीएसटी नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावर सक्तीची होते आणि दर १८ टक्के. एकाच ग्राहकाकडची फी वर्षात ५० हजारांपुढे गेली की १० टक्के टीडीएस कापला जातो, तो परतावा मिळेपर्यंत हातात नसतो हे धरून चला. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. एका कारखान्याने माझं बिल चार महिने थांबवलं होतं. त्या बिलावर हा क्रमांकच नव्हता.

दोन गोष्टींत सावध राहिलो. जुन्या कंपनीचं एकही ड्रॉइंग वा आकडा सोबत आणला नाही; नोकरी संपली तरी गुप्ततेची अट संपत नाही. आणि भरपूर ऊर्जा वापरणाऱ्या ठरावीक कारखान्यांचं कायद्याने सक्तीचं ऊर्जा ऑडिट बीईईची (केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेची) मान्यता असलेल्या ऑडिटरनेच करायचं असतं, तिथे मी सही करत नाही.

अहवाल इंग्रजीत पाच पानांचा, वर मालकासाठी एक पान. मेंटेनन्सच्या माणसांसाठी मात्र गुजरातीत वेगळी यादी काढतो: टॅग क्रमांक, जागा, कोणती फिटिंग, कोणता सील. घरात मराठी बोलत असलो तरी पाना हातात असलेल्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोलावं लागतं. या यादीविना अहवाल कपाटात जातो. दुरुस्ती झाल्यावर त्याच पद्धतीने पुन्हा मोजतो, आणि सहा महिन्यांनी परत एकदा, कारण कंपनाने कपलिंग पुन्हा सैल होतात. ही दोन्ही मोजमापं पहिल्याच परचेस ऑर्डरमध्ये लिहून घेतो.