ब्रेकला तेवढा हात लावू नकोस

गाडी धुतली, वायपर बदलले, एअर फिल्टर झटकून परत बसवला, तर घरात कौतुक होतं. ब्रेकचं नाव काढलं की चेहरे बदलतात. ‘‘बाकी काय हवं ते खोल, ब्रेकला तेवढा हात लावू नकोस,’’ असं आई म्हणते. बायको तेच नुसत्या नजरेने म्हणते. गंमत म्हणजे हीच मंडळी गाडी गॅरेजमध्ये सोडून निश्चिंतपणे रिक्षाने घरी येतात. तिथे मिसरूडही न फुटलेला पोरगा कान आणि खांदा यांच्यात मोबाइल दाबून ब्रेकचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दाबून गाडी थांबवणाऱ्या वड्या, बदलत असतो, त्याच्याबद्दल कुणाला शंका येत नाही. का, तर तो रोज करतो. मी क्वचित करतो म्हणून प्रत्येक बोल्ट दोनदा तपासतो, हा मुद्दा घरात कधी मान्य होत नाही.

आमची मारुती झेन आता अशा वयाची आहे की तिच्या प्रत्येक आवाजाचं कारण आम्हाला पाठ आहे. हल्ली ब्रेक दाबला की पुढून बारीक ‘चीं’ ऐकू यायची. हा आवाज बिघाडाचा नव्हे, मुद्दाम ठेवलेला. बऱ्याच पॅडच्या पाठीला एक वाकवलेली पत्री असते. पॅडचा घासला जाणारा थर नवा असताना साधारण दहा मिलिमीटर जाड. तो झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही पत्री डिस्कला, म्हणजे त्या फिरत्या चकतीला, घासून किंचाळायला लागते. ज्या कुणाला ही युक्ती सुचली त्याला माणसांची चांगली ओळख असणार. आपण डॅशबोर्डवरच्या दिव्याकडे दुर्लक्ष करू, कटकटीकडे करत नाही.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पान्हे पसरले की आधी प्रेक्षक जमतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका पेपर काखेत घेऊन उभे राहिले. ‘‘काय रे, गॅरेजवाले संपावर गेले का?’’

‘‘नाही काका, पॅड बदलतोय.’’

‘‘ब्रेकचे?’’ आणि ते दोन पावलं मागे सरकले. गाडी उभीच होती, तरी.

काका घाबरले ते ठीक, पण चुकीच्या गोष्टीला. घाबरायचं ते जॅकला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मागच्या चाकांना दगड लावायचा आणि गाडी उचलली की खाली स्टँड द्यायचा. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. शिवाय काढलेलं चाक मी दाराच्या खाली आडवं सरकवून ठेवतो. गाडी घसरलीच तर चाकावर बसेल, माझ्यावर नाही. एवढं झालं की उरलेलं काम खरोखर सोपं आहे. कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा, खालचा बोल्ट काढला की तो वर उचलता येतो आणि जुने पॅड हातात येतात. पूर्ण सुटा केलाच तर कॅलिपर तारेने बांधून ठेवायचा, रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही.

हातात आलेले पॅड निरखून पाहण्यात मला नव्या पॅडच्या खोक्यापेक्षा जास्त रस असतो. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या बहुधा सुकलेल्या असतात. मग त्या पुसून ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावायचं. साधं ग्रीस तिथे चालत नाही, उष्णतेने वितळतं आणि रबर फुगवतं. डाव्या-उजव्यात फरक दिसला तरी त्यामागे काहीतरी कारण असतं. म्हणून एकाच बाजूचे पॅड बदलून पैसे वाचवायचे नाहीत, दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, थांबवण्याचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, आणि झिजतातही तीच आधी.

हे काम केवढं, याचा मी एकदा हिशेब मांडला होता. दोन माणसं धरून नऊशे किलोची गाडी ताशी साठच्या वेगावरून थांबवली की जी उष्णता निघते, तिच्यात चार कप चहाचं पाणी उकळेल. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंतचा उतार सगळा ब्रेकवर उतरलात, तर जवळपास बादलीभर. हवा आणि इंजिन त्यातला वाटा उचलतात म्हणून बरं. ‘ज्या गियरात चढायचं त्याच गियरात उतरायचं’ हे जुने ड्रायव्हर सांगतात, त्यामागे हीच बादली आहे.

घाटातच ब्रेकचा कस लागतो, हे फार लवकर कळलं होतं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. वाटेतल्या उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा तिने एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे ब्रेक लायनिंग बसवणारा पहिला कारागीर चांभार होता, आणि काम रस्त्याकडेला झालं होतं. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तिने स्वतः कुठे ठोकलं? जाणकाराकडूनच करून घेतलं ना!’’ यावर उत्तर नाही.

नवे पॅड जाड, त्यामुळे कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, आधी आत ढकलावा लागतो. सी-क्लॅम्प लावून सावकाश. पॅड झिजत गेले तसं बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑईल खाली गेलेलं असतं, पिस्टन मागे सरकला की ते परत वर येतं. मध्यंतरी कुणी हौसेने डबी काठोकाठ भरली असेल तर ते ओसंडतं, आणि जिथे सांडेल तिथला रंग घेऊन जातं. म्हणून आधी थोडं काढून घेतलेलं बरं. हे ऑईल हवेतली ओल पितं, कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. डॉट थ्री जातीचं कोरडं ऑईल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत घसरते, आणि घाटात ऑईल उकळलं की पेडल नुसती वाफ दाबतं, ब्रेक लागत नाही. पॅड सगळेच बदलतात, ऑईलकडे मात्र कुणी बघत नाही.

चाकं चढली, नट आवळले, तरी लगेच गाडी काढायची नाही. इंजिन चालू करून पेडल आधी जागेवरच दाबत राहायचं. पहिल्यांदा ते सरळ तळाला जातं, काळजाचा ठोका चुकतो. चार-पाचदा दाबल्यावर पिस्टन पॅडला भिडतो आणि पाय अडतो. काकांना हे दाखवायला गाडीत बोलावलं, तर त्यांनी पेपर उघडला.

नवे पॅड डिस्कशी जुळायला थोडा वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर वेग मध्यम दाबाने बऱ्याचदा कमी करायचा, मध्ये त्यांना निवू द्यायचं, आणि पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर शक्यतो करकचून ब्रेक मारायचा नाही. मोकळा रस्ता पहाटे पाचला उठलं तर मिळतो. करकचून ब्रेक मारायचा नाही, हे मात्र सदाशिव पेठेत उलट्या बाजूने येणाऱ्या स्कूटरवाल्याला आधी कळवून ठेवायला हवं.