कोंड्यातलं लिग्निन वेगळं काढताना

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मॅडमनी गव्हाचा कोंडा हातात ठेवला आणि त्यातल्या लिग्निनची, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तींना कडकपणा देणाऱ्या पदार्थाची, रचना बघायला सांगितली. लाकडात लिग्निन वीस-तीस टक्के असतं. कोंड्यात ते थोडंसंच, आणि भोवती स्टार्च, प्रथिनं, अरबिनोझायलान (पेशीभित्तीतली साखरांची लांब साखळी) यांची गर्दी. "आधी गर्दी हटव, मग बोलू," मॅडम म्हणाल्या.

त्यातच बराच काळ गेला. ॲसिटोनने मेण-तेल काढायचं, मग स्टार्च आणि प्रथिनं तोडणारी विकरं: उष्णता सोसणारं अमायलेज, प्रोटिएज, अमायलोग्लुकोसिडेज. दरवेळी पीएच जुळवा, सेंट्रिफ्यूज करा, धुवा. आयोडीनचा थेंब निळा होणं थांबलं, म्हणजे स्टार्च संपला, तेव्हा कुठे पुढे सरकले.

मग लिग्निनचं वजन काढायची क्लासनची पद्धत. 72 टक्के सल्फ्युरिक आम्लात 30 अंशांवर तासभर कांडीने ढवळायचं, पाणी घालून आम्ल 4 टक्क्यांवर आणायचं आणि ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर आणखी तासभर ठेवायचं. साखरा विरघळून जातात, तपकिरी चोथा उरतो. पण या चोथ्याला सरसकट लिग्निन म्हणणं मला पटत नाही. प्रोटिएज देऊनही थोडं प्रथिन चिवटपणे मागे राहतं. म्हणून थोडा चोथा मफल भट्टीत जाळून राख काढायची, थोड्याचा जेल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिन काढायचं आणि राख-प्रथिन दोन्ही वजा करायचं. ही वजाबाकी न करता धान्यातल्या लिग्निनचा आकडा दिलेला दिसला, की मी सरळ पान उलटते.

वजन कळलं तरी रचना कळत नाहीच. लिग्निनचे मुख्य घटक तीन: एच, जी आणि एस. एचच्या बेंझीन कड्यावर मेथॉक्सी गट नसतो, जीवर एक, एसवर दोन. गोची जीची. फेरुलिक आम्लाचं कडंही नेमकं तसंच, एक मेथॉक्सी आणि एक हायड्रॉक्सिल. फरक फक्त शेपटीत. कोंड्यात हे आम्ल वजनाच्या सुमारे अर्धा टक्का असतं आणि त्यातलं बहुतेक अरबिनोझायलानमधल्या अरबिनोजला एस्टर बंधाने जोडलेलं असतं. मग दिसणारं कडं लिग्निनचं की फेरुलिकचं?

सूक्ष्मदर्शकाने यात छान मदत केली. अतिनील प्रकाशात अल्यूरोन थराच्या, म्हणजे कोंड्यातल्या सर्वात आतल्या थराच्या, भिंती निळ्या चमकतात, आणि ती चमक फेरुलिकची. फ्लोरोग्लुसिनॉल व हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर लाल रंग मात्र अल्यूरोनला येत नाही, बाहेरच्या सालीच्या थरांना येतो, कारण तो लिग्निनमधल्या ॲल्डिहाइड टोकांमुळे येतो. सगळ्या कामात मला सर्वात आवडलेल्या त्या दोन स्लाइड.

फेरुलिक उतरवण्यासाठी धुतलेला तंतू 2 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, नायट्रोजनखाली, अंधारात रात्रभर ठेवला. एस्टर बंध तुटतात. सोबत थोडं लिग्निनही अल्कलीत निघून जातं. गवतवर्गातल्या वनस्पतींच्या लिग्निनचा तो स्वभावच आहे, त्यामुळे ते द्रावण फेकलं नाही.

उरलेल्या तंतूवर थायोॲसिडोलिसिस, म्हणजे लिग्निनचे तुकडे पाडणारी प्रक्रिया. त्यात इथेनथायॉल लागतं, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून सिलिंडरमध्ये जे वासाचं रसायन मिसळतात तेच. फ्यूम हूड चालू असूनही वॉचमन काका धावत वर आले, "ताई, गॅस कुठं लीक होतोय?" त्यानंतर बाटली उघडण्याआधी खाली सांगून यायची सवय लागली.

ही पद्धत बीटा-ओ-4 नावाचे ईथर बंध तोडते आणि सुटलेले तुकडे गॅस क्रोमॅटोग्राफीत दिसतात. जी आणि एस दोन्हींची शिखरं आली, एचचं नावापुरतं. मात्र बीटा-5 किंवा 5-5 अशा कार्बन-कार्बन बंधांनी जखडलेले घटक असे सुटत नाहीत. त्यांच्यासाठी द्विमितीय एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखण्याची पद्धत) करायचं ठरलंय. तंतू बॉल मिलमध्ये बारीक दळून ठेवलाय, त्यासाठी ड्युटेरियमवाला डीएमएसओ हा द्रावक मागवलाय. यंत्राची तारीख तेवढी मिळायची आहे.