दोन गाड्या, एकच इंजिन

वापरलेली गाडी घेण्यापूर्वी ती तपासून लेखी अहवाल देणे हा माझा साताऱ्यातला व्यवसाय आहे. दिवाळीच्या आधी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला बोलावले. त्यांच्यासमोर २०२० सालच्या, डिझेलवर चालणाऱ्या आणि सहा गिअरच्या दोन गाड्या होत्या, एक ह्युंदाई क्रेटा आणि दुसरी किया सेल्टोस, आणि त्यांतली कोणती घ्यावी एवढेच मी सांगायचे होते. त्या कामाचा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

सरांनी वहीत दोन रकाने आखून सगळी तुलना आधीच लिहून ठेवली होती आणि ती चोख होती. मात्र या दोन गाड्यांमध्ये तुलना करण्यासारखे फारच थोडे आहे, हे त्या वहीतूनच दिसत होते. दोन्ही कंपन्या एकाच कोरियन समूहातल्या आहेत. इंजिन तेच दीड लिटरचे, ११५ पीएस आणि २५० न्यूटन-मीटरचे. व्हीलबेस दोघींचा २६१० मिलिमीटर, डिकी ४३३ लिटर, टाकी ५० लिटर. गाड्या आदळून पाहणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीतही प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी दोघींना पाचपैकी तीनच तारे मिळाले होते आणि दोघींचा सांगाडा अस्थिर ठरला होता. तासतासभर चालणाऱ्या व्हिडिओंमधून जे सामने रंगवले जातात, ते मुख्यतः दिवे, पडदे आणि सीटच्या कापडाचे असतात. वापरलेल्या गाडीच्या बाबतीत तर कंपनीचे नाव आणखी मागे पडते आणि ती गाडी आजवर कशी जगली हेच पाहावे लागते. म्हणूनच यापुढे मी त्यांना पांढरी आणि करडी असेच म्हणणार आहे, कारण जे आढळले त्यात कोणत्याही कंपनीचा दोष नव्हता.

पांढरी २३ हजार किलोमीटर चाललेली होती आणि ती सरांच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांची होती. करडी ९६ हजार चाललेली होती. बियाण्यांच्या विक्रीसाठी सातारा, सोलापूर, कोल्हापूर असे सतत हिंडणाऱ्या एका तरुणाने ती वापरली होती आणि आता ती कराडच्या एका व्यापाऱ्याकडे उभी होती. पांढरीसाठी दीड लाख रुपये जास्त द्यावे लागणार होते आणि सरांनी डॉक्टरांना विसारही दिला होता. माझ्याकडून त्यांना खरे तर शिक्कामोर्तब हवे होते.

रंगाची जाडी, काचांवरचे साल, सीटबेल्टच्या पट्टीवरची तारीख, बॉनेटच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा, आरसीवरचा बोजा या सर्व बाबतींत दोन्ही गाड्या स्वच्छ निघाल्या. कोठेही फसवणूक नव्हती. पांढरीचे टायर मूळचे होते, नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूच्या रबरावर केसासारख्या चिरा पडल्या होत्या. कमी चाललेल्या गाडीचे टायर नव्यासारखे असतात असे लोक समजतात, परंतु रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजते.

त्यानंतर मी तेलाची पट्टी बाहेर काढली. इंजिन थंड होते, गाडी सपाट फरशीवर उभी होती, आणि तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते. झिजलेले इंजिन तेल पिते आणि पातळी खाली येते हे सर्वांना ठाऊक असते, पण वर चढलेली पातळी पाहून फारसे कोणी थबकत नाही. मी पट्टी नाकाशी धरली तर डिझेलचा वास आला. टिश्यू पेपरवर एक थेंब टाकला, तेव्हा मधल्या काळ्या ठिपक्याभोवती फिकट तेलकट कडे झपाट्याने पसरत गेले. स्कॅनर जोडल्यावर डीपीएफमध्ये काजळी दाटलेली दिसली, आणि शेवटचे पूर्ण झालेले रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून टाकण्याचे काम, फार जुने निघाले.

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. बीएस-६ या प्रदूषणाच्या निकषांतल्या डिझेल गाडीत ती असतेच. साचलेली काजळी जाळण्यासाठी जाळी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावी लागते, आणि ते तापमान गाठण्यासाठी इंजिन नेहमीपेक्षा जास्तीचे डिझेल सोडते. गाडी महामार्गावर असेल तर हे काम चालकाला न कळता पार पडते. गाडी मध्येच बंद केली तर काजळी तशीच राहते आणि सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळलेले डिझेल खाली तेलात मिसळते. असे वारंवार झाले की तेल पातळ होते, आणि इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दांडा तर त्या तेलाच्या आधारावरच फिरत असतो.

डॉक्टरांचे घर आणि दवाखाना यांच्यात दोन किलोमीटरचे अंतर होते, आणि गाडी रोज दोन वेळा तेवढीच जात-येत असे. रात्री तिच्यावर सुती आच्छादन असे, सर्व्हिस बुकात प्रत्येक वर्षाचा शिक्का वेळेवर होता. ते मला समाधानाने म्हणाले, "मी हिला कधी साठच्या वर नेली नाही." डीपीएफचा दिवा अधूनमधून लागत असे, तेव्हा सर्व्हिस सेंटरमधून "हायवेला एक चक्कर मारून आणा" एवढेच सांगितले जाई. ताशी ६० किलोमीटरच्या वर सुमारे २५ मिनिटे सलग चालवायला हवे आणि का हवे, हे त्यांना कोणीही समजावून सांगितले नव्हते. याचा मला अजूनही राग येतो.

करडीच्या पुढच्या काचेवर खडीचे टवके होते, चालकाच्या सीटची कड बसली होती, क्लच फार वर पकडत होता आणि लिंक रॉड खडखडत होते. परंतु यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरवर ती जशी ओढत गेली तशी पांढरी गेली नाही. करडीची जाळी ठरल्या अंतराने नियमित साफ होत आली होती. जळलेल्या काजळीची राख मात्र जाळीतच उरते आणि ती किलोमीटरबरोबर वाढते, त्यामुळे पुढे कधी तरी तिलाही खर्च येणार, हे मी अहवालात नोंदवले.

त्यानंतर मी सरांना विचारले की त्यांचा रोजचा प्रवास कोठवर असतो. काकूंना फिजिओथेरपीसाठी तीन किलोमीटरवर न्यावे लागते, मंडई असते, आणि वर्षातून दोनदा पाटणजवळच्या गावी जाणे होते. म्हणजे डॉक्टरांच्या घरातून सुटून गाडी तशाच दुसऱ्या घरात जाणार होती. दोन्ही गाड्या सोडाव्यात आणि यांपैकीच कोणतेही मॉडेल पेट्रोलमध्ये पाहावे, असे मी स्पष्ट लिहिले. सर शांतपणे म्हणाले, "मी तुम्हाला दोनांतली कोणती, एवढेच विचारले होते." डिझेल मजबूत असते आणि परवडते ही त्यांच्या पिढीची खात्री आहे. एकेकाळी ती योग्यही होती, पण ती या जाळीच्या आधीच्या इंजिनांवर बांधलेली आहे.

त्यांनी पांढरीच घेतली. डॉक्टरांनी तेल बदलून दिले, स्कॅनरवरून सक्तीचे रीजनरेशन करून घेतले आणि किंमतही कमी केली. दर रविवारी उंब्रजपर्यंत जाऊन यायचे, असे मी सरांना लिहून दिले आहे. शरीराने थकलेल्या काकूंना घेऊन ते हे किती दिवस पाळतील, याचा अंदाज मला करता येत नाही.

व्यवहार झाल्यावर डॉक्टरांचा फोन आला. आपले नेमके काय चुकले, असे त्यांनी फार कळवळून विचारले, आणि मी वर लिहिले ते सर्व त्यांना सांगितले. बराच वेळ ऐकून घेतल्यावर ते म्हणाले की त्यांनी नव्या गाडीचे बुकिंग केले आहे आणि तीही डिझेलच आहे. शोरूममधल्या मुलाने त्यांना रंग विचारला होता, सनरूफ हवे का विचारले होते, कर्जाचा हप्ताही काढून दाखवला होता. रोज किती किलोमीटर जाता, हे मात्र विचारले नव्हते. गाडी अजून आलेली नाही, बुकिंग बदलता येते, असे मी त्यांना दोनदा सांगितले आहे.