फ्रीडम साँग्ज: ठेका बसतोय, खर्ज अजून नाही

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतली गाणी, म्हणजे फ्रीडम साँग्ज, आमचा गट शिकतोय. त्यातलं ‘वी शॅल ओव्हरकम’ अखेर हलायला लागलं. आपण सगळे शाळेत त्याचं हिंदी रूप ‘हम होंगे कामयाब’ कवायतीच्या चालीत गाऊन मोठे झालेलो, त्यामुळे पाय आपोआप डावा-उजवा पडायचे. तबला वाजवणाऱ्या मित्राने रेकॉर्डिंगच्या दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाला, “अरे, तिश्र जाती आहे ही. मात्रेचे तीन भाग कर.” तेव्हापासून लय मुद्दाम संथ ठेवतोय आणि टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. सवय नसल्याने हात अजून समेवर धावतात.

गाणं आधीपासूनच संथ होतं. १९४५-४६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या तंबाखू कामगारांच्या संपात लुसिल सिमन्स ते अगदी लांबवून गात. तिथून ते टेनेसीच्या हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शाळेत, तिथे संगीत पाहणाऱ्या झिल्फिया हॉर्टनकडे आलं. एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात चळवळीतल्या विद्यार्थ्यांच्या बैठकीत गायक गाय कॅरावन यांनी ते गिटारवर गायलं. पुढे चर्चमध्ये वाढलेल्या पोरांनी त्यात आपला डुलता ठेका घातला आणि गिटारची गरजच उरली नाही. आम्हीही गिटार खोळीत घातलीय. १९६१ मध्ये मिसिसिपीतल्या पार्चमनच्या तुरुंगात फ्रीडम रायडर्स (बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध प्रवास करणारे कार्यकर्ते) गाणं थांबवेनात म्हणून पहारेकऱ्यांनी त्यांच्या गाद्या काढून नेल्या, तरी ते गातच राहिले. तिथे कुठलं वाद्य आणि कुठला कागद!

खरी मजा जॉर्जियातल्या ऑल्बनी शहरातल्या चळवळीच्या गाण्यांत आहे. १९६१ च्या अखेरीस तिथल्या सभेत बर्निस जॉन्सन या विद्यार्थिनीला गायला सांगितलं. तिने ‘ओव्हर माय हेड’ उचललं. मूळ ओळीत डोक्यावरच्या हवेत ‘ट्रबल’ (संकट) दिसतो. तिने त्या जागी ‘फ्रीडम’ टाकलं आणि अख्खी सभा तिच्यामागे गायली. आता आम्ही तसाच सराव करतो: एकाने आयत्या वेळी शब्द बदलून ओळ टाकायची, बाकीच्यांनी झिलकऱ्यांसारखी ती जागच्या जागी झेलायची. वही समोर ठेवून हे जमतच नाही. हीच गाणी गाणाऱ्या लोकगायिका जोन बाएझचा आवाज गोडच, पण त्यात आपण नुसते ऐकत बसतो. शिकायला फ्रीडम सिंगर्स हा चळवळीतला चौघांचा गायकगट बरा. रूथा मे हॅरिस, बर्निस, कॉर्डेल रेगन, चार्ल्स नेब्लेट, चौघांचे गळे वेगवेगळे ओळखू येतात.

आमची अडचण नेब्लेटच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या आवाजाच्या, जागेची. खर्ज लावणारा कोणी नाही. मी खाली उतरलो की नुसती हवा येते. तूर्तास पट्टी दोन स्वर चढवलीय, पण त्याने वरचा आवाज किंचाळायला लागतो.

पुढे ‘एन्ट गोना लेट नोबडी टर्न मी अराउंड’ घेतोय. ऑल्बनीत लोक ‘नोबडी’च्या जागी थेट पोलिसप्रमुख लॉरी प्रिचेटचं नाव घालून गायचे. ते नाव ठेक्यात बसवताना जीभ अडखळते, म्हणून सध्या नुसती तेवढीच ओळ, पाय आपटत.