आमची वाटचाल : खोली-टॅक्सीपासून रुग्णाच्या फाइलीपर्यंत

पुण्यात परदेशी रुग्णांची सोय पाहणारी आमची फर्म सुरुवातीला दोनच कामं करायची. मुंबई विमानतळावरून रुग्णाला आणायचं आणि हॉस्पिटलजवळ स्वयंपाकाची सोय असलेली खोली मिळवून द्यायची. रुग्ण बहुतेक ओमान, केनिया आणि टांझानियातले. खोली आणि टॅक्सी आजही बघतो, पण आता आमचा सगळ्यात जास्त वेळ रुग्ण विमानात बसण्याआधीच्या कागदांवर जातो.

आधी तपासण्या. एमआरआयच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाहून कुठलाही सर्जन ठाम मत देऊ शकत नाही, म्हणून आम्ही मूळ डायकॉम फाइल, म्हणजे यंत्रातूनच निघालेली डिजिटल प्रतिमा मागतो. अँजिओग्राफीचा रिपोर्ट पुरत नाही, सीडी लागते. रक्तवाहिनी नेमकी कुठे आणि किती लांबीची अरुंद झालीय ते पाहूनच स्टेंट की बायपास हे ठरतं. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून, पायावर वजन टाकून काढलेला हवा, कारण झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट असते त्याहून मोठी दिसते. कर्करोग असेल तर बायप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) सोबत आणायला सांगतो. तो नसला तर पुढच्या चाचण्यांसाठी पुन्हा तुकडा काढावा लागतो आणि उपचार तेवढा लांबतो. ब्लॉक मेणाचा असतो, तेव्हा तो उन्हातल्या गाडीत ठेवू नये.

२०१७ मध्ये ई-मेडिकल व्हिसा आला आणि दूतावासाच्या खेपा बऱ्याच कमी झाल्या. त्यावर तीनदा प्रवेश करता येतो, मुदत ६० दिवसांची असते आणि सोबत दोन नातेवाइकांना अटेंडंट व्हिसा मिळतो. सर्वच देशांना ही सोय नाही, त्यामुळे नागरिकत्व आधी विचारावं. अर्ज अडकतो तो बहुधा नावावरून. अरबी नावात वडिलांचं, आजोबांचं आणि कबिल्याचं नाव येतं. व्हिसासाठीच्या हॉस्पिटलच्या पत्रात त्यातलं एक गळतं किंवा स्पेलिंग बदलतं. आम्ही पासपोर्टचं पान समोर ठेवून पत्र अक्षर-अक्षर ताडतो. केनियासारख्या देशांतून येणाऱ्या रुग्णांकडे पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला हवा, आणि तो लस घेतल्यानंतर १० दिवसांनीच ग्राह्य धरतात. विमानाच्या आदल्या दिवशी घेतलेल्या लशीवर प्रवास केला तर रुग्णाला विलगीकरणात अडकून पडावं लागतं. खोलीत उतरल्यावर २४ तासांत परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद घरमालकाने करायची असते. तिला सगळे अजून सी फॉर्मच म्हणतात. लहान घरमालक ती विसरतात आणि व्हिसाची मुदत वाढवताना ते आडवं येतं.

रुग्णाचा विश्वास सगळ्यात जास्त तुटतो तो अंदाजपत्रकावरून. ‘पॅकेज’ म्हणून एक आकडा पाठवला जातो आणि बिल त्याच्या दीडपट होतं. याची कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात. पॅकेजमध्ये आयसीयूचे दोन दिवस धरलेले असतात आणि लागतात पाच. इथे आल्यावर साखर किंवा क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेलं निघतं. भारी प्रतिजैविकं, रक्ताचे घटक, दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरांची भेट यांचे पैसे वेगळे लागतात. म्हणून आम्ही हॉस्पिटलकडून दोन आकडे लेखी घेतो. एक सगळं सरळ पार पडलं तर, दुसरा गुंतागुंत झाली तर. आयसीयूचा एका दिवसाचा दर आणि इम्प्लांटचा, म्हणजे शरीरात बसवायच्या कृत्रिम भागाचा प्रकारही त्यात लिहून घेतो. स्टेंट आणि गुडघ्याचे इम्प्लांट यांच्या कमाल किमती २०१७ पासून सरकारने बांधून दिल्या आहेत, तेव्हा त्या ओळी तपासणं सोपं आहे. दुसरा आकडा ऐकून काही रुग्ण येत नाहीत. अर्ध्या उपचारावर पैसे संपण्यापेक्षा ते बरं, असं आमचं ठाम मत आहे.

पैशांबाबत दोन नियम रुग्णाला आधीच कळवतो. ५,००० डॉलरपेक्षा जास्त रोख आणली तर विमानतळावर कस्टम्सकडे जाहीर करावी लागते, आणि हॉस्पिटल २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेऊ शकत नाही. बँकेतून पाठवताना मधल्या बँका शुल्क कापतात आणि पोचलेली रक्कम कमी भरते, म्हणून सगळं शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय निवडावा.

किडनी-लिव्हर प्रत्यारोपणाचं काम आम्ही फार जपून घेतो. परदेशी रुग्णाला भारतीय दाता जवळचा नातेवाईक असेल तरच कायद्याने चालतो. दाता परदेशी असेल तर नात्याचा दाखला दूतावासाकडून लागतो आणि प्रकरण प्रत्यारोपणाला मंजुरी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जातं. ‘दाता इथेच बघू’ असं कुणी म्हणालं की आम्ही ती फाइल तिथेच बंद करतो.

हॉस्पिटलकडून बिलाच्या टक्क्यांत कमिशन घेणं आम्ही सोडलं. बिल वाढलं की आपला फायदा, अशा जागी बसून रुग्णाची बाजू मांडता येत नाही. आता रुग्णाकडून ठरावीक शुल्क घेतो आणि पावती देतो. उत्पन्न घटलं, पण अंदाजपत्रकावर हॉस्पिटलशी बोलताना आमचा शब्द वजनदार झाला.

देशात हा उद्योग वाढवायचा तर सर्वात मोठी उणीव रुग्ण घरी परतल्यानंतरची आहे. पोटाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण १० दिवस तरी विमानप्रवास टाळायचा असतो, तरी परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं. आम्ही तारीख बदलता येईल असंच तिकीट काढायला लावतो आणि एअरलाइनचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टरांकडून आधी भरून घेतो. डिस्चार्ज कार्डावर औषधाचं ब्रँडनाव असतं, ते टांझानियातल्या दार-ए-सलामच्या दुकानात सापडत नाही. म्हणून मूळ घटकाचं नाव आणि मात्रा लिहून मागतो. ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन यांसारखी वेदनेवरची औषधं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत, तिथे उतरणाऱ्याने आधी परवानगी घ्यावी आणि प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवावं. किडनी बदललेल्या रुग्णाच्या रक्तातली टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाची) पातळी सकाळच्या गोळीआधी, म्हणजे आदल्या डोसनंतर १२ तासांनी तपासायची असते. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो आणि डॉक्टर नाहक डोस कमी करतात. ही सूचना आम्ही अरबी आणि स्वाहिलीत छापून औषधांच्या पिशवीवर चिकटवतो.