पेनाती

आज सेंट पीटर्सबर्गहून लोकलने रेपिनोला गेले. रशियन चित्रकार इल्या रेपिनचं ‘पेनाती’ हे घर बघायचं होतं. १९०३ ते १९३०, शेवटपर्यंत तो इथेच राहिला. तेव्हा या गावाचं नाव कुओक्काला. ते रशियन साम्राज्यातल्या फिनलंडमध्ये होतं; क्रांतीनंतर फिनलंड स्वतंत्र झाला आणि घर न सोडताच तो परदेशात गेला!

खरं घर १९४४ साली युद्धात जळालं. आजचं पुन्हा उभारलेलं, १९६२ मध्ये उघडलेलं. दारात पाटी: कोट स्वतः काढा, घंटा स्वतः वाजवा. जेवणाच्या गोल टेबलाचा मधला भाग फिरतो, म्हणजे वाढायला नोकर नकोत. आणि जेवण पूर्ण शाकाहारी!

पण मी थांबले ती वरच्या काचेच्या छताच्या स्टुडिओत. उजवा हात दुखून निकामी होत गेला तेव्हा रेपिन डाव्या हाताने रंगवायला शिकला. पॅलेट धरवेना, म्हणून ते पट्ट्याने कमरेला अडकवायचा. ते पॅलेट बघताना डोळे भरून आले. माझ्या चित्रकार बाबांचा हात थरथरायला लागल्यावर त्यांनी ब्रश ठेवून दिला होता.

बागेतल्या टेकाडावर त्याची समाधी आहे. साधा लाकडी क्रूस, भोवती झाडं. तिथे बराच वेळ बसले. परतीची एक गाडी चुकली.

रात्री बाबांना फोन केला, पॅलेटचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फोटो पाठव."